फराळाचं सामान: सुपरमार्केटात काय भरायचं, पेठेत काय, आणि कशाच्या नादी लागायचं नाही

तोलूनमापून

दरवर्षी वसुबारसेच्या आसपास "काजू कुठे बरे मिळतील" छापाचे सुटे प्रश्न या मंचावर दहा धाग्यांवर पडतात आणि नीट उत्तर येईपर्यंत भाऊबीज उरकलेली असते. म्हणून सगळं एकाच जागी. एका बाजूला डीमार्ट, रिलायन्स स्मार्ट, स्टार बझार. दुसऱ्या बाजूला पुण्यातली रविवार पेठ, मार्केट यार्डातला भुसार बाजार आणि कोपऱ्यावरचा वाणी. माझं मत आधीच सांगून टाकतो: साखर, तेल, तूप, मैदा, डाळी सुपरमार्केटात. सुका मेवा, पातळ पोहे, खोबरं, वेलची-खसखस पेठेत. तयार फराळ सवलतीच्या ढिगातून शक्यतो नाहीच. वाद घालायला मोकळे आहात.

आधी भाव कसा वाचायचा ते. फलकावरची सूट एमआरपीवर मोजलेली असते आणि एमआरपी छापते कंपनी. त्यामुळे "४० टक्के सूट" या आकड्यावरून माल स्वस्त आहे का हे कळत नाही, एमआरपी किती फुगवली होती एवढंच कळतं. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात एकक भाव असतो, तो पाहा. यात एक गोम आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर तो प्रति ग्रॅम छापतात, किलोच्या वरच्यावर प्रति किलो. म्हणजे ५०० ग्रॅमच्या पाकिटावर ०.११ रुपये आणि शेजारच्या दोन किलोवर ९८ रुपये दिसले, तर पहिल्याला हजाराने गुणा: ११० रुपये किलो. शिवाय हा एकक भाव एमआरपीचा असतो, सुटीनंतरचा नव्हे. मोबाइलमधलं गणकयंत्र उघडा, सुटीनंतरच्या किमतीला ग्रॅमने भागा, लाजू नका.

"एकावर एक मोफत" तर कायम असंच तपासायचं. समजा २०० ग्रॅमच्या दोन पुड्या मिळून १८० रुपयांना पडल्या, म्हणजे ४५० रुपये किलो. तोच माल अर्ध्या किलोच्या साध्या पाकिटात २१० ला असेल, तर ४२० रुपये किलो. फुकटची पुडी महाग पडली.

तेलाचं वेगळं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत कुठे ९१० ग्रॅम, कुठे ८५०, कुठे ८०० असतं. डब्यातही १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १५ लिटर म्हणजे १३.६५ किलो. फरक १ किलो ३५० ग्रॅमचा.

तुपालाही हेच लागू: एक लिटर म्हणजे सुमारे ९०५ ग्रॅम. त्याच कंपनीचं तूप बरणीपेक्षा पिशवीत बहुतेकदा स्वस्त असतं, बरणीचे पैसे वाचतात. आणि दिवाळीत तुपाच्या फळीशेजारीच "पूजेचं तूप", "दिव्याचं तेल" मांडून ठेवतात. ते खाण्यासाठी नसतं. तसं लेबलवर लिहिलेलं असतं, पण घाईत भाव बघून ट्रॉलीत पडतं.

अर्धा_शेर

+१. करांचं थोडं जोडतो. तूप, लोणी, बदाम, पिस्ते, खजूर, पाकीटबंद फरसाण यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चॉकलेट-बिस्किटांवरचा १८ वरून ५ वर. हिशेब असा: ६७२ रुपयांच्या तुपात मूळ किंमत ६०० आणि कर ७२. नव्या दराने ते ६३० ला यायला हवं, म्हणजे सव्वासहा टक्के कमी. तेव्हा जुना भाव खोडून "६ टक्के सूट" असं लिहिलेलं दिसलं, तर दुकानदाराने खिशातून काही दिलेलं नाही.

डाळी, रवा, मैदा, पोहे यांच्या २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटावर ५ टक्के कर आहे, सुट्या मालावर नाही. पेठेत पोत्यातून तोलून दिलेली डाळ कधीकधी स्वस्त पडते, त्याचं एक कारण हे.

गल्लाबंद

सुक्या मेव्यावर येतो, कारण फराळाच्या बिलातला मोठा आकडा तिथेच असतो.

काजूचा नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती काजू बसतात तो आकडा. डब्ल्यू-१८० सगळ्यात मोठा, मग २१०, २४०, ३२०. आकडा वाढला की काजू लहान आणि भाव कमी. चवीत फरक नाही. सुपरमार्केटातल्या बऱ्याच पाकिटांवर नंबर नसतोच, "प्रीमियम" असतं. प्रीमियम हा नंबर नव्हे. पारदर्शक बाजूने मोजा: १०० ग्रॅमला सत्तरच्या आसपास भरले तर ३२०, पन्नासेक भरले तर २४०.

आता खरा प्रश्न: अख्खा काजू लागतो कशाला? लाडवावर एक लावायला आणि बक्षिसाच्या डब्यात दिसायला. चिवड्यासाठी पाकळी (अर्धा काजू) घ्या. काजूकतलीला किंवा लाडवात भरड घालायला तुकडा घ्या, शेवटी मिक्सरमध्येच जायचा आहे. रविवार पेठेतल्या मेव्याच्या दुकानांत अख्खा, पाकळी, तुकडा, बारीक कणी असे वेगवेगळे डबे असतात आणि भाव उतरत जातो. सुपरमार्केटात बहुधा अख्खा आणि फार तर पाकळी. बारीक कणी मात्र घेऊ नका. तिच्यात सालपटं आणि धूळ येते आणि ती लवकर खवट होते.

तपासायचं कसं: एक दाणा चावून बघा. ताजा काजू गोडसर लागतो, जुना आधी मऊ आणि मग जिभेवर साबणासारखा. पिवळट झाक आणि काळे ठिपके दिसले तर नको. पेठेत दाणा चाखायला मागता येतो, सीलबंद पाकिटात नाही. हा फायदा भावापेक्षा मोठा आहे.

बेदाणा आपल्याकडचा सांगली-तासगावचा उत्तम. लाडवाला हिरवट लांब, चिवड्याला लहान गोल. चारोळी आणि खसखस २५-५० ग्रॅमच घ्या. चारोळी खवट व्हायला वेळ लागत नाही आणि एक खवट चारोळी अख्ख्या करंजीची चव घालवते.

नवीपेठी

गल्लाबंद, थोडी असहमती. डीमार्टचा स्वतःचा प्रीमिया किंवा रिलायन्सचा गुड लाइफ घेतला तर पॅकिंगची तारीख तरी असते. पेठेत पोतं कधी फुटलं कोण सांगणार? आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी रविवार पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात जे पेट्रोल जळतं ते धरा की.

गल्लाबंद

मुद्दा रास्त. पाव किलो काजू आणि शंभर ग्रॅम बेदाणे एवढीच यादी असेल तर पेठेत जाऊ नका, जवळच्या सुपरमार्केटात उरका. दोन-तीन घरांची यादी एकत्र करून दोन-अडीच किलोंच्या वर माल होत असेल तरच फेरी परवडते. आणि गाडी नाहीच न्यायची. पीएमपीने (शहर बसने) मंडईला उतरा आणि चालत जा. त्याच फेरीत बोहरी आळीतून डबे-पिशव्या आणि तुळशीबागेतून सोऱ्याची चकती.

भाजणीची_ताई

सगळे भावातच अडकलेत. स्वस्तात आणलेलं बेसन लाडवाला चाललं नाही तर वर घातलेलं अर्धा किलो तूप वाया जातं, त्याचं काय?

सुपरमार्केटचं पाकीटबंद बेसन भज्यांसाठी दळलेलं असतं, बारीक. त्याचा लाडू टाळ्याला चिकटतो. आणि स्वस्त बेसनात वाटाण्याचं पीठ असू शकतं, म्हणून मागची घटकांची यादी वाचा. फक्त चणाडाळ लिहिलेली हवी. सगळ्यात चांगलं म्हणजे सुपरमार्केटातून चणाडाळच आणायची (तिथे ती खरोखर बऱ्या भावात असते), मंद आचेवर गरम होईपर्यंत हलकी भाजायची, आणि गिरणीत "लाडवाचं, रवाळ" असं सांगून दळून घ्यायची.

प्रमाण: १ किलो रवाळ बेसन, ४५० ते ५०० ग्रॅम तूप, ७५० ग्रॅम पिठीसाखर, दहा-बारा वेलच्या. चाळीस ग्रॅमचा एक धरला तर पन्नास-पंचावन्न लाडू होतात.

बारीक बेसन आणून बसला असाल तर किलोमागे १०० ते १५० ग्रॅम बारीक रवा तुपावर वेगळा भाजून मिसळा. बेसन भाजून होत आलं की पाण्याचा एक हबका मारा. फसफसेल आणि दाणा फुलेल. मग तो ओलावा पूर्ण जाईपर्यंत परता. दुधाचाही हबका मारतात, पण मग लाडू लवकर संपवावे लागतात.

लाडू बसका झाला तर दोनच कारणं: तूप जास्त, किंवा मिश्रण गरम असताना साखर घातली. साखर विरघळते आणि सगळं पातळ होतं. मिश्रण कोमट झाल्यावरच साखर. बसलेच तर परातीत पसरून तासभर थंड करायचं आणि पुन्हा वळायचं, नाहीतर थोडं कोरडं भाजलेलं बेसन मिसळायचं.

पिठीसाखर विकत आणू नका. पुष्कळ पाकिटांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचा स्टार्च असतो. साखर आणा, वेलचीची सालंसुद्धा टाकून मिक्सरला फिरवा, चाळा.

झारा

ताईंना साष्टांग. तयार चकली भाजणीबद्दलही सांगा की, सुपरमार्केटात ढीग असतो.

भाजणीची_ताई

घटक उतरत्या क्रमाने छापतात. तांदूळ पहिला असणारच, पण दुसरी चणाडाळ आणि तिसरी उडीद डाळ हवी. मैदा किंवा गव्हाचं पीठ दिसलं तर ठेवून द्या. पॅकिंगची तारीख जितकी जवळची तितकं बरं. फळीवर जुना माल पुढे आणि नवा मागे लावतात, म्हणून हात मागे घाला.

घरी करायची तर ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या चणाडाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, मूठभर धने, दोन चमचे जिरे. तांदूळ साधा कोलम चालतो, बासमतीची चैन नको. धुऊन, सावलीत वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. गिरणीवाल्याला सांगा, गव्हावर दळू नको, डाळीवर किंवा तांदळावर दळ. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते.

तयार भाजणीची चकली कडक होते अशी तक्रार असेल तर अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे डाळव्याचं पीठ आणि नेहमीपेक्षा एक चमचा जास्त कडकडीत मोहन (पिठात घालायचं गरम तेल). त्याच्या पुढे जाऊ नका. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते.

झारा

मग तळणीचं माझ्याकडे. चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते तेव्हा लोक भाजणीला शिव्या देतात, दोष आचेचा असतो. मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो, आत पाणी राहतं. तेल आधी नीट तापवा, चकली सोडल्यावर आच मध्यम, आणि बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा. रंगाकडे नको, बुडबुड्यांकडे बघा. सोऱ्यातून पाडताना तुटत असेल तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून मळा. काटे उभे राहत नसतील तर पीठ सैल झालंय.

तेल कोणतं? स्वस्त म्हणून पामोलिन आणतात. तळायला ते टिकतं, पण पुण्यात नोव्हेंबरच्या गार सकाळी डब्यातल्या शेव-चकलीवर पांढुरका मेणचट थर दिसतो आणि खाताना टाळ्याला लागतो. सोयाबीन, सूर्यफूल किंवा रिफाइंड शेंगदाणा घ्या. "मिश्र खाद्यतेल" असेल तर कोणतं तेल किती टक्के ते लिहिलेलं असतं, वाचा.

तळण्याचा क्रमही महत्त्वाचा, नाहीतर महागाचं तेल मध्येच काळं होतं. आधी शंकरपाळी आणि करंज्या, मग चिवड्याचे दाणे-खोबरं, मग चकली, शेवटी तिखट शेव. बेसनाचा चुरा तळाशी बसून जळतो, म्हणून शेव शेवटी.

काटकसर_मंडळ

शंकरपाळीला तूप की वनस्पती तूप (डालडा)?

झारा

दूध, साखर, तूप एकेक वाटी आणि मावेल तेवढा मैदा, साधारण पाच वाट्या. वनस्पतीने जास्त खुसखुशीत होते आणि खर्च बराच कमी. ट्रान्स फॅटची भीती असेल तर २०२२ पासून तेल-वनस्पतीत त्याची कमाल मर्यादा २ टक्के आहे. चवीला तूप ते तूप. निम्मं-निम्मं करा.

तोलूनमापून

पोह्यांबद्दल कुणी बोललंच नाही. पातळ पोह्यांची पाकिटं फळीवर एकावर एक रचतात आणि खालच्यांचा चुरा होतो. वरचं पाकीट उचला, उजेडात तळ बघा. चिवडा करण्याआधी चाळणं आलंच. सुटे घ्यायला मिळाले तर अख्खे पाहून घेता येतात.

अर्धा किलो पोह्यांना दीडशे ग्रॅम दाणे, शंभर ग्रॅम डाळवं, शंभर ग्रॅम खोबऱ्याचे काप, दीडशे ते पावणेदोनशे मिली तेल. मिरची आणि कढीपत्ता तेलात पूर्ण कुरकुरीत होऊ द्या. त्यातलं पाणी राहिलं की दोन दिवसांत चिवडा सादळतो आणि दोष पोह्यांवर येतो. खोबऱ्याची वाटी घेताना वास घ्या. डेसिकेटेड खोबरं चिवड्यात घालायचं नसतं. रव्याच्या लाडवात चालून जातं, करंजीच्या सारणात मात्र सपक लागतं.

नवीपेठी

तयार फराळावर एवढा राग का? सगळ्यांना वेळ नसतो. नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं?

अर्धा_शेर

राग नाही, लेबल वाचा म्हणतोय. सोनपापडीच्या डब्यावर पहिली साखर, मग बेसन-मैदा, मग पामोलिन किंवा वनस्पती. काजूकतलीत काजू किती टक्के ते घटकांत बहुधा दिलेलं असतं, साखर काजूच्या आधी आली तर ती साखरकतली. "चॉकलेट" आणि "कंपाउंड" यांतही फरक आहे. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, म्हणून ते निम्म्या भावात येतं.

वेळ नसेल तर पुण्यात सोय आहे. दि पूना मर्चंट्स चेंबर दरवर्षी दिवाळीआधी ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं. नाहीतर बचत गटाच्या बायकांना आठ दिवस आधी ऑर्डर द्या आणि तेल कोणतं वापरणार ते विचारा. बाकरवडीवर सूट शोधत फिरू नका. नावाजलेल्या दुकानाची बाकरवडी सगळीकडे जवळपास छापील भावातच मिळते.

काटकसर_मंडळ

सोसायटीत सुरक्षारक्षक, सफाईवाल्या मावशी, माळी धरून बारा जण. प्रत्येकी साधारण अडीचशेचं पाकीट द्यायचंय. तयार गिफ्ट बॉक्स घ्यावेत का?

गल्लाबंद

अजिबात नको. मेव्याच्या गिफ्ट बॉक्सचं निव्वळ वजन बघा. टोपलीएवढ्या खोक्यात चार खणांत मिळून दोनशे ग्रॅम माल असतो, बाकी मखमल. तुमचे एकूण तीन हजार रुपये आहेत. त्यात प्रत्येकाला एक लिटर तेल आणि किलोभर साखर आधी धरा, हे सुपरमार्केटातून. तेल खोक्याने घेतलं तर अजून खाली येतं का ते बिल होण्याआधी विचारा. उरलेल्या पैशांत घरचा किंवा गटाकडचा पाव किलो चिवडा आणि चार लाडू बसवा. घरी नेऊन उपयोगी पडतं, आणि नाजूक खोक्यातल्या आठ बदामांपेक्षा शोभतं.

भाजणीची_ताई

आणि देताना फराळाच्या पुडीवर तारीख लिहा.

नवीपेठी

भाऊबीजेनंतर खोकी निम्म्या भावात येतात, तेव्हा काय उचलावं?

अर्धा_शेर

मेव्याची खोकी, जर शेवटची तारीख चार-पाच महिने पुढे असेल आणि किलोचा भाव काढून बघितला असेल तर. मेवा काढून हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये. चॉकलेटही घ्या. त्यावर पांढरट थर दिसला तर ती बुरशी नव्हे, उष्णतेने चरबी वर आलेली असते. खाता येतं, पण भेट देऊ नका. मैदा-रवा संक्रांतीच्या आशेने साठवू नका, अळ्या होतात. बेसन, अनारशाचं पीठ, तयार चकल्या यांना हात लावू नका. सोनपापडी निम्म्यात मिळो की पावात, ती पुढच्या दिवाळीत कुणीतरी तुम्हाला देणारच आहे.

काटकसर_मंडळ

शेवटचं एक. १५ लिटरचा डबा शेजाऱ्यांबरोबर निम्मा वाटून घ्यायचा ठरलाय. मापाने वाटू की वजनाने?

तोलूनमापून

वजनाने. भरलेला डबा सील न फोडता तोला आणि लिहून ठेवा. मग रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि त्यात ६ किलो ८२५ ग्रॅम ओता. उरलेला डबा पुन्हा तोला: सुरुवातीच्या वजनातून तेवढंच कमी व्हायला हवं. नरसाळ्याला आणि भांड्याला चिकटलेलं तेल ज्याचं भांडं त्याचं, हे आधी बोलून घ्या.